डॅशकॅम सारखा ‘कार्ड एरर’ दाखवतो: कार्ड बदलू की कॅमेरा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडहून कोल्हापूरला नोकरीसाठी रोज गाडीने जाणं-येणं. दोन वर्षांपूर्वी पुढचा आणि मागचा असा जोड डॅशकॅम (काचेवर बसवून प्रवास रेकॉर्ड करणारा कॅमेरा) बसवला, सोबत दुकानातूनच ६४ जीबीचं साधं मेमरी कार्ड मिळालं. महिनाभरापासून स्क्रीनवर ‘कार्ड एरर, फॉरमॅट करा’ असा संदेश येतो. फॉरमॅट मारलं की दोन-तीन दिवस ठीक, मग पुन्हा तेच. मागच्या आठवड्यात किणी टोलनाक्याच्या अलीकडे मागून टेम्पोने ठोकलं, तर नेमकी तीच क्लिप सापडत नाही. संदेश अजून स्क्रीनवर तसाच आहे, त्यानंतर फॉरमॅट केलेलं नाही. आता कार्ड बदलायचं की कॅमेरा?

त्यानंतर फॉरमॅट केलेलं नाही, हे फार बरं केलंत. माझं गाड्यांच्या ॲक्सेसरीजचं दुकान आहे आणि बारा-तेरा वर्षं डॅशकॅम बसवतोय. अपघातानंतर ‘क्लिप मिळत नाही’ म्हणून येणाऱ्या दहातल्या सहा जणांनी येण्याआधी घरी फॉरमॅट मारलेलं असतं. संदेशच तसं सांगतो, त्यांचा तरी काय दोष!

तेव्हा पहिलं काम आत्ता करा. गाडी बंद करा, कॅमेऱ्याचा दिवा पूर्ण विझू द्या, मग कार्ड काढा. ते परत कॅमेऱ्यात घालू नका, कारण कॅमेरा सुरू झाला की लिहायला लागतो. लॅपटॉपला यूएसबी कार्ड रीडरने जोडा. विंडोज ‘डिस्क फॉरमॅट करायची का’ किंवा ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ असं विचारेल. दोन्हीला नाही म्हणा. दुरुस्तीच्या नावाखाली विंडोज अर्धवट फायलींचे तुकडे ‘सीएचके’ नावाच्या फायलींत टाकतं आणि मूळ नावं, तारखा जातात. आधी कार्डावरचं सगळं जसंच्या तसं एका फोल्डरमध्ये उतरवून घ्या.

आता शोधताना एक गोष्ट बघा. धडक मागून बसली, म्हणजे क्लिप मागच्या कॅमेऱ्याची हवी. जोड कॅमेऱ्यात मागच्या क्लिपा वेगळ्या फोल्डरमध्ये जातात आणि हादऱ्याने लॉक झालेल्या (पुसल्या जाऊ नयेत म्हणून राखून ठेवलेल्या) आणखी तिसऱ्या. मोबाइल ॲपमध्ये बहुतेक वेळा पुढच्या कॅमेऱ्याची साधी यादीच आधी उघडते. माझ्या दुकानात ‘हरवलेल्या’ क्लिपांपैकी बऱ्याच अशा शेजारच्या फोल्डरमध्ये बसलेल्या निघाल्या आहेत. तिथेही नसेल, तर फोटोरेक किंवा रेकुव्हा ही फुकट मिळणारी सॉफ्टवेअर चालवून बघा. फक्त सापडलेल्या फायली त्याच कार्डावर साठवू नका. शून्य केबी दाखवणारी किंवा उघडतच नाही अशी फाइल असेल, तर तीही जपून ठेवा. एमपी४ फाइलची अनुक्रमणिका बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग संपताना लिहितात. धडकेत वीज तुटली की चित्र कार्डावर असतं, पण अनुक्रमणिका नसते, म्हणून प्लेअर हात वर करतो. त्याच कॅमेऱ्याची दुसरी एक चांगली फाइल नमुना म्हणून दिली की ‘अनट्रंक’सारखी सॉफ्टवेअर अशी फाइल पुष्कळदा जोडून देतात. ज्या जागेवर नवं रेकॉर्डिंग चढलंय, तिथलं जुनं मात्र कोणीही परत आणू शकत नाही. तसं आश्वासन देणाऱ्याला पैसे देऊ नका.

आता मूळ दुखणं. ‘कार्ड एरर’ हे वाक्य म्हणजे पेशंटने ‘पोटात दुखतंय’ म्हणण्यासारखं आहे. कार्ड मेलेलं असो, वायर ढिली असो, खाचेत धूळ असो की जागा संपलेली असो, बरेचसे कॅमेरे हेच बोलतात. म्हणून मी गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतो की एरर येते केव्हा? फॉरमॅटनंतर दर वेळी साधारण तितक्याच तासांनी येते, की कधीही? दुपारी येते की सकाळीही? खड्ड्यात आदळल्यावर येते का? या उत्तरात निम्मं निदान असतं.

तुमची एरर दोन-तीन दिवसांनी येते, म्हणजे ती बऱ्यापैकी नियमित आहे. जरा हिशेब करू. पुढचा-मागचा मिळून जोड फुल एचडी कॅमेरा सेकंदाला साधारण २६ मेगाबिट लिहितो असं धरा. आठने भागलं की सव्वातीन मेगाबाइट, म्हणजे तासाला ११.७ जीबी. तुमचा प्रवास रोजचा तीन तासांचा, म्हणजे दिवसाला ३५ जीबी. ६४ जीबीचं कार्ड साडेपाच तासांत, म्हणजे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पोचेपर्यंत पहिल्यांदा काठोकाठ भरतं. त्यानंतर कॅमेऱ्याला सर्वांत जुनी फाइल पुसून तिथे नवी लिहावी लागते. याला लूप रेकॉर्डिंग म्हणतात. तुमची गाडी नेमकी इथे अडते आहे. कोऱ्या पाटीवर लिहिताना अडचण नाही, पुसून लिहायची वेळ आली की अडचण. त्यामुळे माझा संशय दोघांवर आहे.

पहिला संशयित म्हणजे हादरे. कॅमेऱ्यातला जी-सेन्सर मोठा झटका बसला की ‘अपघात झाला’ असं समजून चालू क्लिप लॉक करतो, म्हणजे लूपमध्ये ती पुसली जात नाही. हे ज्यांनी बनवलं त्यांच्या डोळ्यांसमोर गुळगुळीत रस्ते असावेत. आपल्याकडे गावाच्या वेशीवरचा बिनरंगाचा गतिरोधक, साखळीने आलेले रंबलर आणि तुमच्या मार्गावर तर सहापदरीकरणाच्या कामातली वळणं. कॅमेऱ्याच्या लेखी तुमचा रोज वीस वेळा अपघात होतो. तीन मिनिटांची एक क्लिप दोन्ही कॅमेऱ्यांची मिळून जवळजवळ ६०० मेगाबाइट. वीस झटके म्हणजे दिवसाला पावणेबारा जीबी कायमचे अडकले. चांगले कॅमेरे लॉक क्लिपांसाठी जागेचा एक हिस्सा ठरवून देतात आणि तो भरला की त्यातल्या जुन्या काढतात. स्वस्तातले काढत नाहीत. मग पाच-सहा दिवसांत, आणि झटके याहून जास्त बसले तर दोन-तीन दिवसांतच, पुसायला काही उरत नाही आणि कॅमेरा कार्डाच्या नावाने ओरडतो. फॉरमॅट मारलं की लॉक फायलीही जातात, म्हणून दोन दिवस आनंदीआनंद.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. लॅपटॉपवर लॉकच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून आकार बघा. कार्डाच्या निम्म्याच्या वर असेल तर चोर सापडला. जी-सेन्सर ‘लो’वर ठेवा. आमच्या भागात ‘मीडियम’सुद्धा जास्त होतो. मी गाडी ताब्यात देतानाच ‘लो’ करून देतो आणि हाताने लॉक करायचं बटण कुठे आहे ते दाखवतो. पार्किंग मोडची (गाडी उभी असताना चालणाऱ्या रेकॉर्डिंगची) संवेदनशीलताही वेगळी असते, तीही कमी करा. एका गिऱ्हाइकाची गाडी नारळाखाली उभी असायची. महिन्याभराच्या लॉक क्लिपांत वाळक्या झावळ्या आणि बॉनेटवर झोपायला येणारं मांजर, एवढंच होतं. आणि हो, मेन्यूत लूप रेकॉर्डिंग ‘ऑफ’ तर झालेलं नाही ना, तेही बघा. काही कॅमेऱ्यांत फॅक्टरी रीसेट केल्यावर ते बंद होतं.

दुसरा संशयित म्हणजे कार्डाची झीज, आणि तुमच्या बाबतीत हा संशय दाट आहे. मेमरी कार्डातल्या पेशींना ठरावीक वेळाच पुसून लिहिता येतं. साध्या कार्डात हा आकडा काहीशे ते हजारभराच्या घरात असतो. मोबाइलमध्ये गाणी-फोटो ठेवणाऱ्याचं कार्ड आयुष्यात दहा वेळाही पूर्ण भरून रिकामं होत नाही. तुमचं कार्ड दोन दिवसांत एकदा भरतं. वर्षाला ३०० दिवस धरले तर दोन वर्षांत २१ टीबी लिहून झालं, म्हणजे ते कार्ड सव्वातीनशे वेळा पुसलं गेलं. त्यात उन्हाळ्यात काचेमागे भाजून निघालं ते वेगळंच. साध्या कार्डाने दोन वर्षं काढली हीच त्याची कमाल म्हणायची. बऱ्याच साध्या कार्डांच्या वॉरंटीच्या बारीक अक्षरांत सतत रेकॉर्डिंगचा वापर वगळलेला असतो, हे दुकानदार सांगत नाही.

झिजलेलं कार्ड दोन तऱ्हांनी जातं. एक तऱ्हा सोपी असते. कार्ड स्वतःला कुलूप लावून घेतं, म्हणजे वाचता येतं पण लिहिता येत नाही. ओळखायची खूण मजेशीर आहे. लॅपटॉपवर एखादी फाइल पुसा, कार्ड काढून परत घाला. पुसलेली फाइल परत जागेवर हजर असेल, तर ते कार्ड संपलं. फॉरमॅट ‘यशस्वी’ दाखवूनही जुन्या क्लिपा परत येतात, तेही हेच. कॅमेऱ्यात लाल दिवा लुकलुकत असतो आणि गडी समजतो की रेकॉर्डिंग चालू आहे. प्रत्यक्षात शेवटची फाइल महिनाभरापूर्वीची! ॲडॉप्टरच्या कडेची ती छोटी लॉकची पट्टी खाली सरकलेली नाही ना, एवढं मात्र कार्डाला मेलेलं ठरवण्याआधी बघा. त्या पट्टीपायी लोकांनी चांगली कार्डं कचऱ्यात टाकलेली मी पाहिली आहेत.

दुसरी तऱ्हा तुमच्यासारखी. कार्डाचा काही भाग खराब झालेला, बाकीचा चालू. लिहिता लिहिता कॅमेरा त्या खराब भागाशी पोचला की अडखळतो. फॉरमॅटने हे दुरुस्त होत नाही. कॅमेऱ्यातलं फॉरमॅट फक्त वरची यादी कोरी करतं, खालची जमीन तपासत नाही. ती तपासायला पूर्ण भरून वाचून बघणं हाच मार्ग. विंडोजवर ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ आणि मॅक किंवा लिनक्सवर ‘एफ३’ ही साधनं कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं तसंच वाचता येतं का ते पडताळतात. ६४ जीबीला दीड-दोन तास लागतात. रात्री जेवायला बसताना लावून द्या. ही चाचणी रिकाम्या कार्डावरच करायची. तुमची क्लिप हाती लागेपर्यंत या कार्डावर ती अजिबात करू नका.

हीच चाचणी मी दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या कार्डावरही करतो, कारण बनावट कार्डांचा सुळसुळाट आहे. बाहेर ‘१२८ जीबी’ छापलेलं, कॉम्प्युटरलाही १२८ दिसतं, आत प्रत्यक्षात १६ किंवा ३२. खोटं बोलण्याचं काम कार्डाच्या आतल्या चिपलाच शिकवलेलं असतं. खरी जागा संपली की पुढचं रेकॉर्डिंग हवेत जातं. अशा कार्डाची एररही नियमित येते, पण पहिल्या आठवड्यापासून. तुमचं दोन वर्षं चाललं, म्हणून तो संशय मी काढून टाकला.

आता तिसरी शक्यता. तुमच्या वर्णनात ती पुढे येत नाही, पण माझ्या दुकानात सर्वांत जास्त हीच निघते. वीज. लायटर सॉकेटमध्ये खुपसलेला प्लग रोजच्या हादऱ्यांनी ढिला होतो. क्षणभर वीज तुटली की कॅमेरा लिहिता लिहिता बंद पडतो आणि कार्डावरची यादी अर्धवट राहते. असं वारंवार झालं की चांगलं कार्डही करप्ट होतं. स्वस्तातला फास्ट चार्जर लावून त्याच्या दुसऱ्या पोर्टवर मोबाइल चार्जिंगला लावायचा, हाही उद्योग बरेच जण करतात. मोबाइलने ओढून घेतलं की कॅमेऱ्याचा व्होल्टेज पडतो. ही एरर कधीही येते, तिला वेळापत्रक नसतं. परीक्षा सोपी आहे. कॅमेरा गाडीच्या वायरिंगवरून काढा आणि दोन-तीन दिवस पॉवर बँकेवर चालवा. (पॉवर बँक उन्हात डॅशबोर्डवर ठेवू नका, कप्प्यात ठेवा.) एरर गेली, तर कार्डाला सोडा आणि प्लग-वायरचं बघा. मी हल्ली शक्यतो फ्यूज बॉक्सवरूनच लाइन देतो. प्लगची कटकटच नको. पार्किंग मोडसाठी हार्डवायर किट (कॅमेरा थेट गाडीच्या वायरिंगला जोडायचा संच) घेतलं तर ज्यात बॅटरीचा कट-ऑफ, म्हणजे बॅटरी किती उतरली की वीज तोडायची ती पातळी, निवडता येतो तेच घ्या. नाहीतर कार्ड वाचेल आणि सकाळी गाडी ढकलावी लागेल.

वीज तुटली तरी चालू क्लिप नीट बंद करता यावी, म्हणून कॅमेऱ्याच्या आत छोटी लिथियम बॅटरी किंवा सुपर कॅपॅसिटर (बॅटरीऐवजी थोडा वेळ वीज साठवणारा भाग) असतो. तो गेला आहे का, हे ओळखायला घड्याळ बघा. दर वेळी गाडी सुरू केल्यावर तारीख कुठल्या तरी जुन्या वर्षाच्या १ जानेवारीवर जात असेल आणि शेवटची क्लिप कधीच उघडत नसेल, तर दोष कार्डात नसून त्या बॅटरीत आहे. लिथियम बॅटरी आपल्या उन्हाळ्यात फुगते. कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणाला फट दिसली तर तो लगेच उतरवून ठेवा, दाबून बंद करायला जाऊ नका. विदर्भातल्या गिऱ्हाइकांना मी बॅटरीवाला कॅमेरा देतच नाही. चंद्रपूर-नागपूरकडे बाहेर ४५ अंश असताना बंद काचेमागे जे तापतं, त्यात कॅपॅसिटरच टिकतो. कार्डं बहुतेक ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवतात, पण रेकॉर्डिंग करताना कॅमेरा स्वतःही तापतो, हे विसरू नका. तुमची एरर फक्त दुपारी, उन्हात उभी केलेली गाडी सुरू केल्यावरच येत असती, तर मी इथूनच सुरुवात केली असती.

खाचेतली धूळ आणि मळलेले सोनेरी संपर्क यांवर फार बोलत नाही. कार्डाचे संपर्क कोरड्या मऊ कापडाने पुसा. चिकट असतील तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब पुरतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे जातात.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की कॅमेरा बदलू नका, निदान आत्ता तरी. नवं कार्ड घ्या, जी-सेन्सर उतरवा आणि दहा दिवस बघा. नव्या कार्डावरही तशीच एरर आली तर पॉवर बँकेची परीक्षा. त्यातही आली तरच कॅमेऱ्याच्या खाचेवर किंवा बोर्डावर संशय घ्यायचा.

कार्ड घेताना पाकिटावर ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या. ही कार्डं सतत लिहिण्यासाठीच बनवतात. उदाहरणार्थ सॅनडिस्कच्या हाय एन्ड्युरन्स ६४ जीबी कार्डाला कंपनी ५,००० तास सांगते आणि १२८ जीबीला १०,०००. हे तास फुल एचडी रेकॉर्डिंग धरून आहेत, कॅमेरा ४के असेल तर ते त्या मानाने घटतात. तुमचा वापर वर्षाला ९०० तासांचा, तेव्हा ६४ नेही भागेल. पण कॅमेऱ्याच्या पुस्तिकेत १२८ चालतं असं लिहिलं असेल तर मी १२८ घ्यायला सांगेन. एकतर झीज दुप्पट जागेत वाटली जाते, आणि दुसरं म्हणजे क्लिपा दोनऐवजी साडेतीन दिवस टिकतात. शुक्रवारी कोणी घासून गेलं हे सोमवारी लक्षात आलं, तर तो फरक कामाला येतो. वेगासाठी यू३ किंवा व्ही३० ही खूण पुरे, दोन्हीचा अर्थ सेकंदाला किमान ३० मेगाबाइट. तुम्हाला लागतात सव्वातीन. त्यामुळे आणखी वेगवान, महागड्या कार्डाला पैसे घालू नका. डॅशकॅमसाठी टिकाऊपणा विकत घ्यायचा असतो.

नवं कार्ड आधी चाचणीतून काढा, मग कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. ३२ जीबीच्या वरची कार्डं एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट होऊन येतात आणि काही जुन्या कॅमेऱ्यांना फक्त फॅट३२ कळतं. कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट केलं की तो आपल्याला हवं ते करून घेतो. मोबाइलमध्ये घालून ‘इंटर्नल स्टोरेज’ म्हणून फॉरमॅट करू नका. ते कार्ड मग त्या मोबाइलशिवाय कोणालाच वाचता येत नाही. महिन्यातून एकदा हवं ते उतरवून घेऊन कॅमेऱ्यात फॉरमॅट मारायची सवय ठेवा आणि कार्ड बसवल्याची तारीख कॅमेऱ्याच्या मागे मार्करने लिहा.

राहता राहिलं जुनं कार्ड. क्लिप सापडली आणि विम्याचं किंवा पोलिसांचं प्रकरण पुढे जाणार असेल, तर ते कार्ड फेकू नका, पुन्हा वापरूही नका. मूळ कार्ड पाकिटात घालून वर तारीख आणि गाडीचा नंबर लिहून ठेवा, दाखवायला प्रत वापरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्यही (फाइलमधून काढलेली आकडे-अक्षरांची ओळखखूण, फाइल बदलली की तीही बदलते) द्यावं लागतं. प्रमाणपत्राची अट जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब मध्येही होती. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की मूळ उपकरणच मालकाने स्वतः हजर केलं तर प्रमाणपत्राची गरज नाही, प्रत दिली तर मात्र ते हवंच. तुमच्यापुरतं काय करायचं ते वकील सांगतील, माझं काम कार्ड शाबूत त्यांच्यापर्यंत पोचवण्याचं. आणि कार्ड काढायच्या दिवशीच कॅमेऱ्याचं घड्याळ मोबाइलच्या घड्याळाशेजारी धरून एक फोटो काढा. क्लिपवरची वेळ चार-पाच मिनिटं मागे-पुढे असेल, तर ती जबाबातच सांगून टाका, म्हणजे समोरच्याला नंतर बोट ठेवायला जागा राहत नाही.